खोगीर बसवणाऱ्याची पारख

घोडा विकत घेण्याचा प्रसंग या पानाच्या वाचकांपैकी फारच थोड्यांवर येईल, याची मला पुरेपूर कल्पना आहे. ज्यांच्या सोसायटीत मांजर पाळायचे म्हटले तरी सभा बोलवावी लागते, त्यांना सणासुदीच्या दिवसांत घोड्याच्या खोगिराबद्दल चार शब्द ऐकवायचे म्हणजे धाडसच. तरीही या दिवाळीला मी हाच विषय घेतला आहे. कारण यंदाच्या उन्हाळ्यात एका खोगिरापायी माझी भाची खांद्याचे हाड मोडून घेऊन बसली, एक सालस घोडी नाठाळ ठरून विकली जाण्याची वेळ आली, आणि या सगळ्याच्या मुळाशी जे कारण निघाले ते अगदी आपल्या घरातले होते. समोरच्या माणसाला "आपण हे काम कुठे शिकलात?" असे विचारण्याचा संकोच!

माझी थोरली बहीण गेली वीस-बावीस वर्षे इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ राहते. तिच्या घरापासून वॉल्सॉल हे गाव मोटारीने अर्ध्या तासावर आहे. आपल्याकडे कोल्हापूर म्हटले की चप्पल आणि पैठण म्हटले की साडी, तसे इंग्लंडात वॉल्सॉल म्हटले की खोगीर. कातडीकाम करणाऱ्या आणि खोगीर शिवणाऱ्या कारागिरांचे हे जुने गाव. तिथे कातडीकामाचे संग्रहालय आहे, आणि गावच्या फुटबॉल संघाला लोक 'सॅडलर्स' म्हणजे चक्क 'जीनगर' म्हणतात. (जीनगर हा शब्द आपल्याकडे आता आडनावात आणि ज्ञातीच्या नावात तेवढा उरला. घोडदळाच्या जोरावर राज्य उभारणाऱ्या आपल्या लोकांनी तो इतक्या लवकर विसरावा, याचे मला नेहमी नवल वाटते.) अशा गावाच्या शेजारी राहून ताईच्या घोडीला नीट बसणारे खोगीर मिळू नये, म्हणजे आळंदीत राहून ज्ञानेश्वरीची प्रत न मिळण्यासारखेच झाले.

घोडी खरे तर भाचीची. भाची पंधरा वर्षांची. सहा-सात वर्षे दुसऱ्यांच्या घोड्यांवर बसायला शिकल्यावर आणि आईवडिलांकडे त्याहूनही अधिक चिकाटीने हट्ट धरल्यावर, गेल्या वर्षी सप्टेंबरात तिला हेझल नावाची एक तांबूस घोडी मिळाली. गावाबाहेरच्या एका तबेल्यात महिन्याच्या भाड्याने तिला ठेवले. आता खोगीर हवे. तबेल्यातल्याच एका बाईंनी एका गृहस्थांचे नाव सुचवले. ते आपली गाडी घेऊन आले. पांढरे केस, मृदू बोलणे, घोडीच्या मानेवरून हात फिरवण्याची सफाई. ताईने थर्मासमधून चहा नेला होता, बरोबर चिवडा होता. गृहस्थांनी चिवड्याची तारीफ केली. मग गाडीतून दोन खोगिरे काढून एकामागून एक घोडीच्या पाठीवर ठेवून पाहिली, भाचीला बसवून चार पावले चालवले आणि दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे अगदी हिच्याच मापाचे." पंचवीस मिनिटांत बाराशे पौंडांचा व्यवहार झाला. जाताना त्यांनी कार्ड दिले. कार्डावर नावाखाली तीन ओळी होत्या : सर्टिफाइड सॅडल फिटर. मान्यताप्राप्त. तीस वर्षांचा अनुभव.

नाताळच्या सुमारास घोडीचे वागणे पालटू लागले. पोटाखालचा तंग आवळायला घेतला की ती कान मागे पाडी आणि मान वळवून चावायला येई. पाठीवर कोणी बसले की पाठ खाली दबवून, डोके वर उचलून चाले. तबेल्यातले जाणते म्हणाले, "खोड्या करते आहे, जरा कडक हाताने घ्या." भाचीने कडक हाताने घेतले. एप्रिलमध्ये, जमिनीपासून वीतभर उंच आडव्या टाकलेल्या एका बांबूवरून जाताना, घोडीने मागचे पाय झाडले आणि पोर खाली आली.

हाड मोडले ते बसवता आले. पण घरात घोडी विकण्याची बोलणी सुरू झाली. नशिबाने विकण्याआधी तिला एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरबाईंनी खांद्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटांनी दाबले, तशी घोडी गुडघे टेकल्यासारखी खाली दबली. "हिची पाठ दुखते आहे. खोगीर कोणी बसवले?" ताईने कार्ड पुढे केले. बाईंनी ते वाचले आणि विचारले, "सर्टिफाइड म्हणजे कोणाकडून?" ताईला सांगता आले नाही.

मी मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे पोहोचलो तेव्हा पोरीचा हात झोळीत होता आणि ताईचा चेहरा उतरलेला होता. ती म्हणाली, "अरे, एवढा पांढऱ्या केसांचा माणूस. त्याला मी काय, प्रमाणपत्र दाखवा म्हणू?" यावर तिला काय बोलणार? आम्ही दोघे एकाच घरात वाढलो. आमच्या नानांचा दंडकच होता, की दारी आलेल्या कारागिराला आधी पाणी द्यावे, चौकश्या करू नयेत. सुतार आला की नाना त्याला खुर्ची देत. दंडक चांगलाच होता. फक्त नानांच्या गावात सुतार एकच होता, त्याचा बापही सुतारच होता, आणि त्याने बिघडवलेला दरवाजा सगळ्या गावाला दिसत होता. जिथे माणसाला त्याच्या कामावरून ओळखणारे गावच नाही, तिथे हा दंडक चालवायचा कसा, हे नानांनी आम्हांला सांगितले नव्हते.

आता इंग्लंडचा कायदा पाहा. घोड्याच्या पायाला नाल ठोकणारा नालबंद तिथे सरकारी नोंदणीशिवाय पैसे घेऊन कामाला हात लावू शकत नाही. १९७५ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. घोड्याला औषध देणाऱ्या डॉक्टरांसाठी १९६६ सालचा कायदा आहे. म्हणजे घोड्याचे खूर कायद्याने राखले आणि पोट कायद्याने राखले. मधली पाठ मात्र तशीच राहिली! 'सॅडल फिटर' ही पाटी कोणीही लावावी. काल दुसरा कसला धंदा करणाऱ्याने आज ती गाडीवर रंगवून घेतली तरी त्याला कोणी पकडत नाही. त्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी कसलाही गुन्हा केला नव्हता, हे ताईला पटायला फार वेळ लागला. तिला वाटत होते की इंग्लंड आहे, कार्ड छापील आहे, म्हणजे त्यामागे कोणी तरी असणारच.

मी ते कार्ड मागून घेतले आणि रात्री जेवणाच्या टेबलावर पुन्हा वाचले. कॉलेजात व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडते, ती म्हणजे वाक्यातला कर्ता शोधण्याची. 'सर्टिफाइड' म्हणजे 'प्रमाणित केलेला'. कर्मणी प्रयोग. 'रामाने रावण मारला' यात मारणारा दिसतो. नुसते 'रावण मारला गेला' म्हटले की राम पडद्याआड जातो. 'मान्यताप्राप्त' या शब्दाची तर आणखी गंमत. मान्यता प्राप्त झाली आहे, पण देणारा कोण त्याचा पत्ता नाही. तिन्ही ओळींत मिळून एकही कर्ता नव्हता. आणि तिसरी ओळ, तीस वर्षांचा अनुभव. तो खरा असेलही. पण त्या तीस वर्षांत घोड्यांना काय अनुभव आला, हे कार्डावर लिहिण्याची चाल नाही.

हा घोळ आजचा नाही. विराटपर्वात अज्ञातवासातला नकुल अश्वपाल म्हणून विराटाच्या दारी येतो. नाव सांगतो ग्रंथिक, आणि दाखला देतो की मी युधिष्ठिराच्या पागेत होतो. आता ज्याचा दाखला, तो युधिष्ठिर बारा वर्षांपूर्वी राज्य सोडून गेलेला, कुठे आहे ते कोणाला माहीत नाही. पडताळून पाहणार कसे? विराटाने त्याला पागेवर नेमून टाकले. त्याचे नशीब असे, की आलेला माणूस खरोखर नकुलच निघाला. दर वेळी तसे होत नाही. बृहन्नडेच्या बाबतीत मात्र याच विराटाने आधी परीक्षा करवून मगच तिला अंतःपुरात ठेवले. मुलीचा प्रश्न आला की सावधपणा सुचतो, घोड्याचा आला की सुचत नाही.

तर मग कर्ता शोधायचा कुठे? इंग्लंडात त्याची सोय आहे. लंडनमध्ये जीनगरांचा संघ मध्ययुगापासून आहे आणि आजही आहे; पण आपल्या कामाचा तो नव्हे. आपल्याला हवी ती १९६६ साली स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स'. खोगीर बसवणाऱ्यांसाठी ही संस्था शिक्षणवर्ग घेते. तेवढ्यावर भागत नाही. उमेदवाराला जाणत्याच्या हाताखाली काही वर्षे प्रत्यक्ष काम करावे लागते, मग परीक्षकांसमोर जिवंत घोड्यावर परीक्षा द्यावी लागते. पास झालेल्यांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर असते, ती कोणालाही उघडून पाहता येते. परीक्षा एकदा दिली की जन्माचे कल्याण, असेही नाही. पुढे शिक्षण ताजे ठेवावे लागते.

इथे एक मेख आहे. ताईनेही तीत पाय अडकवलाच असता. 'अमुक संस्थेचे सभासद' एवढे वाचून समाधान मानू नये. या संस्थेत खोगीर शिवणारे असतात, विकणारे दुकानदार असतात, शिकाऊ असतात आणि बसवण्याची परीक्षा उतरलेले असतात. उत्तम खोगीर शिवणारा 'मास्टर सॅडलर' हा मोठाच माणूस, पण शिवणे वेगळे आणि चालत्या घोड्याच्या पाठीवर बसवणे वेगळे. शिंप्याला कापड उत्तम कळते म्हणून तो तुमचे हाड बसवील असे नाही. शिवाय परीक्षा माणूस देतो, दुकान देत नाही. दुकानाचे नाव यादीत आहे आणि गाडीतून उतरलेला माणूस भलताच, असेही होते. म्हणून जो येणार त्याचे स्वतःचे नाव विचारायचे आणि ते नाव, कार्डावर नव्हे, संस्थेच्या यादीत शोधायचे. पाच मिनिटांचे काम. भाचीने ते डाव्या हाताने केले.

दुसऱ्या खेपेला जी आली ती साधारण माझ्या वयाची एक बाई होती. दूरध्वनीवर भाचीने तिला प्रश्न विचारले तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. खरे सांगायचे तर मलाच घाम फुटला होता. पोरीने विचारले, तुम्ही कुठे शिकलात, तुमचा विमा आहे का, आणि तुम्ही कोणत्या कंपनीची खोगिरे विकता? पलीकडून रागाचा शब्द आला नाही. उलट बाई म्हणाली, "बरे झाले विचारलेस, फारसे कोणी विचारत नाही." आणि तिने एकेक उत्तर दिले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला विशेष वाटले. ती दोन कंपन्यांची खोगिरे विकत होती आणि ते तिने आपण होऊन सांगितले. एकाच कंपनीचा माणूस आला की त्याला जगातल्या सगळ्या घोड्यांच्या पाठी त्या कंपनीच्या मापाच्या दिसतात, हा अनुभव तबेल्यातल्या दोघी-तिघींनी घेतलेला होता. विकण्यात पाप नाही. विकतो हे झाकण्यात आहे.

ती आली ती सकाळी दहाला आणि गेली बारा वाजून गेल्यावर. त्या दोन तासांत मी जे पाहिले ते सविस्तर सांगतो, कारण कागदावरची पारख झाली तरी खरी पारख इथे होते.

पहिली वीस मिनिटे तिने खोगिराला हातही लावला नाही. घोडीचे वय किती, काम काय, दात केव्हा दाखवले, नाल केव्हा बदलले, डॉक्टर काय म्हणाल्या, हे विचारून लिहून घेतले. मग घोडीला सपाट जागेवर उभे करून आधी बाजूने आणि मग मागून पाहिले. दोन्ही खांदे सारखे आहेत का? पाठीवर दोन्ही बाजूंना मांस सारखे भरले आहे का? मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्याच्या मागे, दोन्ही अंगांना खळगे पडले होते. त्या खळग्यांत रुपयाएवढे दोन पांढऱ्या केसांचे डाग होते. ताई इतके दिवस ते घोडीचे मूळचेच समजत होती. बाई म्हणाली, दाब बराच काळ पडत राहिला की केसांच्या मुळाशी इजा होते आणि तिथे पुढे पांढरे केस उगवतात. पुष्कळदा ते जन्मभर तसेच राहतात. भाची काही बोलली नाही. घोडीच्या मानेशी जाऊन उभी राहिली.

नंतर तिने शिशासारखी वाकणारी एक पट्टी काढली. ती पाठीवर आडवी दाबून पाठीचा आकार तिच्यात उतरवायचा आणि तो कागदावर पेन्सिलीने आखायचा. अशा तीन ठिकाणच्या रेघा तिने आखल्या आणि कागदावर तारीख घातली. मग घोडीला खोगिरावाचून चालवून पाहिले, दुडक्या चालीने पळवून पाहिले. त्यानंतर कुठे ते बाराशे पौंडांचे खोगीर आणायला सांगितले. ते आधी उलटे करून, दाबून, पिळून पाहिले. खोगिराच्या पोटात लाकडाचा आणि पोलादाचा एक सांगाडा असतो. तो मोडलेला असेल तर वरचे कातडे कितीही चकचकीत असो, ते खोगीर फेकून द्यायचे. सांगाडा धड होता. पण पाठीवर ठेवताच दोष उघड झाला. सांगाडा पुढून अरुंद होता, म्हणून दोन चिमट्यांसारखा खांद्यांमागे रुतत होता. आणि मागून इतका लांब की शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जात होता. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. स्वाराचा भार त्या बरगड्यांनी पेललेल्या पाठीवरच पडायला हवा. त्यामागच्या कमरेला खालून बरगडीचा आधार नाही, तिथे ओझे ठेवायचे नाही. ही गोष्ट तिने भाचीचा हात धरून, घोडीच्या अंगावरची शेवटची बरगडी चाचपायला लावून दाखवली.

भाचीच्या हाताला अजून बंदी होती, म्हणून तबेल्यातल्या दुसऱ्या मुलीला हलक्या चालीने दोन फेऱ्या मारायला सांगितले, आणि तेवढ्यावरच थांबवले. स्वार बसल्याशिवाय दिलेला खोगिराचा निकाल अर्धाच असतो, असे तिचे म्हणणे. पुढे बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. खोगीर सारखे एकाच बाजूला घसरत असेल तर दोष खोगिराचाच असतो असे नाही. पुष्कळदा घोडा मागच्या एखाद्या पायाने किंचित लंगडत असतो आणि ते डोळ्यांना दिसत नसते. लाइन ग्रेव्ह आणि सू डायसन या दोघींनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे दाखवून दिले आहे. याच डायसनबाईंनी सहकाऱ्यांसह २०१८ साली स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या चोवीस खुणांची यादी मांडली. कान मागे पाडणे, शेपूट झाडणे, तोंड उघडे ठेवणे अशा त्या साध्या खुणा आहेत. त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसल्या तर घोडा नाठाळ नाही, त्याला कुठे तरी दुखते आहे, असा संशय घ्यावा. ताई बोटे मोजू लागली. मी तिला मोजू दिले नाही.

जिचा धंदा खोगीर विकण्याचा, तीच बाई "हे खोगिराचे नसेल, डॉक्टरांना बोलवा" असे सांगू शकते, याला मी प्रमाणपत्रापेक्षा जास्त गुण देतो. तपासणी झाल्यावर तर तिने मला थक्कच केले. ताई लगेच विचारू लागली, "मग नवे कोणते घेऊ?" बाई म्हणाली, "आज काहीच नको." पाठ उतरलेली आहे, आजच्या मापाचे खोगीर घेतले तर पाठ भरून आली की तेही रुतेल. तोवर घोडीवर कोणी बसू नये, लांब दोरीने चालवून पाठ भरू द्यावी, डॉक्टरांनी हो म्हटले की पुन्हा बोलवावे. तिने फक्त भेटीचे पैसे घेतले आणि सगळ्या रेघा, मापे व सूचना लिहिलेला कागद सही करून दिला. त्या पहिल्या गृहस्थांनी पावतीखेरीज एक ओळ लिहून दिली नव्हती.

आता जरा माझ्या प्रांतातली गोष्ट. 'खोगीरभरती' हा शब्द आपण किती तुच्छतेने वापरतो! पान भरण्यासाठी लिहिलेला मजकूर, पट भरण्यासाठी घेतलेली पोरे, जागा भरण्यासाठी नेमलेली माणसे. मी स्वतः विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाईने हा शब्द अनेकदा लिहिला आहे. खोगिरात काय, चिंध्या भरल्या तरी चालतात, अशी त्यामागची समजूत. जूनच्या शेवटी ती बाई पुन्हा आली तेव्हा मी भारतात परतलो होतो. पण भाचीने तिच्या कामाची चित्रफीत पाठवली. दुसऱ्या हाताचे पण योग्य सांगाड्याचे एक खोगीर तिने आणले होते, आणि त्याच्या पोटाच्या फटीतून एका लांब सळईने ती लोकर भरत होती. चिमूटभर इथे, चिमूटभर तिथे, मग घोडीच्या पाठीवर ठेवून पाहायचे, पुन्हा उतरवून चिमूटभर काढायची. डावीकडे थोडी जास्त, कारण घोडीचा डावा खांदा किंचित बारीक. लोकर नवी असली की बसत जाते, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते. आणि एरवीही वर्षातून एकदा-दोनदा, कारण घोड्याची पाठ ऋतू, खाणे, काम आणि वय यांनी बदलत राहते. म्हणजे सगळ्या कामातले कसब होते ते खोगीरभरतीतच! यंदा उत्तरपत्रिका तपासताना तो शब्द लिहायला माझी लेखणी अडखळली.

वाचकहो, प्रमाणपत्राच्या मी आरती ओवाळतो आहे असे समजू नका. मी एम. ए. आहे, आणि एम. ए. झालेल्यांना काय काय येत नाही हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? परीक्षा उतरलेला माणूस हुशार असेलच असे नाही, आणि कुठलीही परीक्षा न देता घोड्याची पाठ हाताने वाचणारे जुने जाणते आजही असतील. परंतु यादीतल्या नावाचा उपयोग निराळाच आहे. काम बिघडले तर त्या नावामागे एक दार असते. तिथे तक्रार नेता येते, ती ऐकणारे कोणी असते, आणि नाव यादीतून जाण्याची त्या माणसाला धास्ती असते. ताईने त्या पहिल्या गृहस्थांना दोनदा दूरध्वनी केला. त्यांनी अतिशय गोड शब्दांत सांगितले की खोगीर उत्तमच होते, घोडीच बदलली असेल. पुढे तक्रार करायची तर कोणाकडे? दार नव्हते.

ओळखीच्यांच्या शिफारशीचेही तसेच. ज्या बाईंनी नाव सुचवले त्यांनी वाईट हेतूने सुचवले नव्हते. त्यांचे खोगीर बसवून जेमतेम महिना झाला होता, एवढेच. शिफारस मागायची तर ज्याच्या घोड्यावर ते खोगीर निदान वर्षभर चढले आहे अशाकडे मागावी. त्याहून बरे म्हणजे डॉक्टरांना आणि नालबंदाला विचारावे. हे दोघे तबेल्या-तबेल्यांतून हिंडतात, आणि दुसऱ्याच्या हाताची चूक त्यांना रोज दिसते.

परतीच्या विमानात मला माथेरान आठवत होते. तिथे मोटारींना बंदी, म्हणून लहानपणी मी आणि ताई दर मे महिन्यात घोड्यावरून हिंडत असू. रिकिबीत पाय पुरत नसत, म्हणून घोडेवाला पट्टा आखूड करून देई. किती घोड्यांवर बसलो असू! त्यांतल्या एकाचेही खोगीर उतरवलेले आम्ही पाहिले नव्हते. पाठ कशी आहे हे पाहायचे असते, ही कल्पनाच नव्हती. भाचीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "मामा, मग आता गेलास तर बघशील?" मी हो म्हटले आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस तिने एक छायाचित्र पाठवले. मेमधल्या त्याच कागदावर बाईने दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने नवी रेघ आखली होती. जुन्या रेघेच्या बाहेरून ती दोन्ही बाजूंना बोटभर सरकली होती. पांढरे डाग तसेच आहेत. घोडी तंग आवळताना आता चावायला येत नाही, पण मान वळवून एकदा बघून घेते, असे भाचीने लिहिले होते. नोव्हेंबरात पुन्हा तपासणी आहे, आणि बाईचे नाव यादीत अजून आहे ना, हे तिने आधीच पाहून ठेवले आहे.

खाली ताईची एक ओळ होती : "या वेळी प्रश्न आधी विचारले, चहा नंतर दिला. चिवडा हिलाही आवडला."